केसरबाईंची जन्मतारीख

एक जूनला आमच्या ऑफिसात कुणालाही रजा मिळत नाही. आमच्या भागातल्या चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या माणसांचा त्या दिवशी वाढदिवस असतो, आणि आमदारसाहेबांच्या नावाने प्रत्येकाला शुभेच्छा गेल्याच पाहिजेत असा नियम मीच करून ठेवला आहे.

ज्यांची शाळा खेड्यात झाली त्यांना कारण सांगायला नको. पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचे. बोटं डाव्या कानाला टेकली की पोरगं सहा वर्षांचं झालं. तारीख एक जून, साल गुरुजींच्या मर्जीचं. अशी एक जूनची माणसं लातूर, बीड, सोलापूर, बुलढाण्याहून निघून पिंपरीत, चाकणला, निघोज्याला आली आणि कंपन्यांना लागली. ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांना पुढे आधार कार्डाने एक जानेवारी दिला. म्हणून आमचा दुसरा मोठा दिवस एक जानेवारी. त्या दिवशी नववर्ष आणि वाढदिवस मी एकाच निरोपात उरकते.

मी या जनसंपर्क कार्यालयात चौदा वर्षं आहे. त्याआधी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. तिथे प्रत्येक खणाला एक कार्ड. खणातले बोल्ट आणि कार्डावरचा आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नसे. कारखाना दुसरीकडे हलला आणि मी इथे आले. पहिल्या दिवशी साहेबांनी माझ्यापुढे एक खोकं ठेवलं. आत अर्ज, लग्नपत्रिका, नळाच्या तक्रारी, कुणाचा तरी एक्स-रे. म्हणाले, "यातून काहीतरी करा." मी तेवीस वह्या केल्या. बंद दिवे, पाणी, दाखले, रक्तगट, निधन, लग्नं, ऑपरेशन. साहेब अजून म्हणतात की मॅडमच्या वह्या हरवल्या तर मलाच माझा मतदारसंघ सापडणार नाही.

लोकांना वाटतं आमदाराच्या ऑफिसात राजकारण चालतं. राजकारण असेलही, ते आतल्या खोलीत. बाहेरच्या टेबलावर येणारी बहुतेक कामं आमदाराची नसतातच. गटार महापालिकेचं, वीज महामंडळाची, रेशन तहसीलचं आणि जावयाची तक्रार कुणाचीच नाही. माझं काम म्हणजे कुणाला कुठे पाठवायचं आणि काय घेऊन पाठवायचं, हे माहीत असणं. एक कागद कमी पडला तर माणसाची एक हजेरी बुडते. माणूस दुसऱ्यांदा परत आला तर चूक माझी, असं मी धरते.

दर गुरुवारी आमचं पत्रक निघतं. पूर्वी छापायचो, आता फोनवरही जातं. पाणी कुठल्या भागात कधी, वीज कुठे बंद, डोळ्यांचं शिबिर, दाखल्यांचं शिबिर, कुणाची मुलगी फौजदार झाली, कुणाचे वडील गेले. साहेबांचा फोटो वर. एकदा पाण्याची वेळ चुकीची गेली होती तर सकाळी ऑफिससमोर बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक ओळ मी दोनदा वाचते.

गिऱ्हाईकंही नाना तऱ्हेची. माण गावातल्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या एका इंजिनिअर साहेबांनी लेखी तक्रार दिली की शेजारच्या शेतकऱ्याचा कोंबडा पहाटे आरडतो. मी दोघांनाही बोलावलं. शेतकरी जुन्या घरातले, फेटा बांधून आले. म्हणाले, "मॅडम, कोंबडा आमचा हाय, कबूल. पण दिवस काय आमी उगवत न्हाई. ते बंद करा, हा आपोआप गप बसंल." इंजिनिअर साहेबांना हसू आवरलं नाही आणि प्रकरण मिटलं.

चोविसावी वही मात्र कुणी सांगितली नव्हती. एका एक जूनला शुभेच्छांचा फोन लावला, तर पलीकडचा फिटर म्हणाला, "मॅडम, थँक्यू, पण माझा वाढदिवस आज नाही. आई सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलांच्या शिंगांचा रंग ओला होता तेव्हा झालो." माझ्यातली स्टोअरवाली जागी झाली. कार्ड आणि खण जुळत नाही म्हटल्यावर नोंद केलीच पाहिजे. तेव्हापासून मी विचारत गेले आणि लिहीत गेले. विहिरीला पाणी लागलं त्या दुपारी. चुलत्याच्या हळदीत. टोळ आले त्या साली, ज्वारी कंबरेएवढी असताना. गावात पहिल्यांदा एसटी आली तेव्हा, आणि आईला ती बघायला मिळाली नाही म्हणून ती जन्मभर मला बोलली, असंही एकाने सांगितलं. या वहीचा उपयोग शून्य. पण कधी दमले की मी तीच वाचते. कागदावर एकाच दिवशी जन्मलेली ही माणसं प्रत्यक्षात किती वेगवेगळ्या दिवसांतून आली आहेत, हे त्यात दर वेळी नव्याने दिसतं.

आता ज्या कामासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी निघोज्याहून सारिका नावाची तिशीतली बाई आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फायली. तिचा नवरा दत्ता चाकणच्या एका कंपनीत वेल्डर. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यासाठी हातात शीर जोडून केलेली जागा दुसऱ्यांदा बंद पडत आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता फार दिवस असं ढकलता येणार नाही.

"किडनी द्यायला कोण आहे?" मी विचारलं.

"आत्या देतायत. म्हणजे सासूबाई. सगळं जुळलंय मॅडम. रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या जुळल्या. कागद जुळत नाहीत."

तिने दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दत्ताचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर एक जून. त्याची आई केसरबाई यांचं आधार कार्ड, त्यावर एक जानेवारी. मी सालांची वजाबाकी केली. मग परत केली. आई मुलापेक्षा दहा वर्षांनी मोठी होती.

"किडनी द्यायला परवानगी देणारी समिती असते ना, त्यातले डॉक्टर म्हणाले, दहाव्या वर्षी मूल कसं झालं?" सारिका म्हणाली. "आत्या म्हणाल्या, मला काय इचारता, ज्यानं लिवलं त्याला इचारा."

समितीचं काही चुकत नव्हतं. खोटी नाती दाखवून अवयव घेणारी माणसं असतात, म्हणून तर समिती असते. रक्त आई म्हणत असलं तरी फाइलनेही तेच म्हणायला हवं होतं. इतर कागदांनी घोळ वाढवला होता. रेशन कार्डावर तिसरं वय, गावच्या मतदार यादीत चौथं. केसरबाई शाळेत गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचा दाखला नव्हता. समितीची पुढची बैठक तीन आठवड्यांनी होती. तोवर वयाचा भरवशाचा पुरावा आणा, असं सांगितलं होतं.

मी सवयीने आधारची नोंदणी पावती मागितली. ती मी दोनदा वाचली. नोंदणी आमच्याच ऑफिसच्या शिबिरात झाली होती. मी कपाटातून त्या वर्षाची वही काढली. माझंच अक्षर. केसरबाई, वय छत्तीस, अंदाजे.

मी इथे आले त्याच वर्षीचं ते शिबिर मला चांगलं आठवतं. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ज्यांना जन्मतारीख माहीत नव्हती त्यांच्यापाशी यंत्र अडायचं. मग मी एक युक्ती काढली. मी स्वतः रांगेतून फिरायचं आणि माणूस बघून वय लिहून द्यायचं. केस काळे, दात शाबूत, पाठ ताठ, म्हणजे पस्तीस ते चाळीस. पुढे त्यांना विचारायचंही नाही. रांग भराभर सरकली. त्या गुरुवारच्या पत्रकात मीच बातमी घातली होती की एका दिवसात विक्रमी नोंदणी झाली. बोल्ट न मोजता कार्ड भरलं होतं मी, आणि वर शाबासकी घेतली होती.

मी सारिकाला तिथल्या तिथे सांगितलं, "हे वय मी लिहिलं आहे. तुझ्या सासूला न विचारता."

तिने पावती परत पिशवीत ठेवली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "मग मॅडम, खरं किती तेही आता तुम्हीच काढा."

दुसऱ्या दिवशी मी निघोज्याला त्यांच्या खोलीवर गेले. केसरबाई उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. सडपातळ बाई, आताही केस बरेचसे काळे. आत दत्ता पलंगावर पडून होता. मी माफी मागितली. त्यांनी मेथीतून मान वर केली नाही.

"छत्तीस लिवलंस ते ब्येस केलंस. तेवढीच ही बारा वर्सं कागदावर तरणी राह्यले."

"केसरबाई, तुमचा जन्म कधीचा, काही ठाऊक आहे?"

"मला काय ठावं बाई? मी का उभी राहून बघत व्हते?"

आतून दत्ता म्हणाला, "आई, नीट सांग की. मॅडम एवढ्या लांबून आल्यात."

"नीटच सांगतीय. तू पड गप."

मग मी माझ्या चोविसाव्या वहीतले प्रश्न विचारत गेले. शेतात काय उभं होतं? भावंडांत कितवी? शेजारी त्या सुमारास कुणाचं लग्न, कुणाचं मरण? बहुतेक प्रश्न त्यांनी मेथीच्या देठांसारखे बाजूला टाकले. पाच भावांवर झालेली एकुलती मुलगी, एवढं पक्कं होतं. एका प्रश्नाला मात्र त्यांनी मेथी खाली ठेवली. बारशाची काही गोष्ट आईने सांगितली होती का, असं मी विचारलं होतं.

"एक सांगायची. पाच पोरांवर लेक झाली म्हणून बानं गावभर सांगावा धाडला. पोरंसोरं घुगऱ्या खायाला जमली. अन् तेवढ्यात शाळेचा मास्तर दारात. त्याला शाळंत पोरं कमी पडत हुती. त्यानं आमच्या अंगणातनंच पोरं धरली अन् न्हेली शाळंत. घुगऱ्या मुठीतच. आई म्हणायची, तुझ्या बारशाला माणसं कमी अन् मास्तरच जास्त झाला."

माझ्या डोक्यात एक खण उघडल्यासारखं झालं. ज्या पोरांना त्या दिवशी शाळेत नेलं, त्यांची नावं त्या दिवशी शाळेत दाखल झाली असणार. गुरुजी जन्मतारीख मनाने लिहायचे. पण पोरगं कुठल्या दिवशी वर्गात आलं, हे त्यांना वरच्या साहेबांना दाखवायचं असे. तिथे मनाचं चालत नसे.

"कोण होती ती पोरं?"

"मी पाळण्यात व्हते, बाई," केसरबाई म्हणाल्या.

त्या गुरुवारच्या पत्रकात मी शेवटी चार ओळी घातल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या गावाचं नाव, आणि विचारणा: या गावची साठी ओलांडलेली, लहानपणी बारशाच्या अंगणातून मास्तरांनी उचलून शाळेत घातलेली कुणी व्यक्ती आपल्या परिसरात आहे का? एका आजारी माणसाच्या उपचारासाठी ही माहिती हवी आहे. साहेबांनी पत्रक वाचलं.

"हे खाली का?"

"वर तुमचा फोटो आहे."

"मला रोज बघतात लोक. फोटो काढा, हे वर घ्या."

शुक्रवारपासून फोन सुरू झाले. मला वाटलं होतं एखाददुसरा येईल. दोन दिवस दुसरं काम करता आलं नाही. गाव निराळं, पण मास्तर तसाच, असं सांगणारेच जास्त. कुणाला गुरं चारताना धरलं होतं, कुणाला नदीतून ओल्या अंगाने नेलं होतं. एक आजोबा म्हणाले, "मला धरला तवा मी झाडावर व्हतो, मास्तर खाली दीड तास बसला." पहिल्या पाळीला जाता जाता, बसच्या थांब्यावरून, जेवणाच्या सुट्टीत माणसं फोन करत होती. आपला काही उपयोग नाही हे त्यांना कळत होतं. तरी करत होती. दोघांनी त्या गावाजवळच्या नातेवाइकांना फोन लावून तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापक बाईंचा नंबर काढून दिला. एका बाईने विचारलं, "तो पोरगा कसाय आता? एवढंच सांगा." इतकी वर्षं मी या लोकांची यादी ठेवत होते. यादीतली माणसं उलटून आपल्याकडे बघायला लागली की काय होतं, हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. किसन आबा. एका कंपनीच्या गेटवर रखवालदार होते, आता पिंपरीत कॅम्पच्या मागे मुलाकडे राहतात. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "घुगऱ्या हरबऱ्याच्या हुत्या. मीठ कमी हुतं."

मी वही उघडायची विसरले.

"आबा, पाळण्यात कोण होतं?"

"रामा गुंडांची लेक. पाच पोरांवरची. म्हणून तर घुगऱ्या. आमी चौघं-पाच जणं व्हतो. मास्तरनं माझा हात डोक्यावरनं फिरवला. बोट कानाला लागंना. म्हणला, लागंल हळूहळू. अन् लिवून टाकलं."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला शाळा सोडल्याचा दाखला काढला. नोकरीला लागताना काढलेला, तेव्हापासून जपलेला. जन्मतारीख अर्थात एक जून. त्याखाली दोन ओळी सोडून एक रकाना होता: शाळेत प्रवेश केल्याची तारीख. सप्टेंबरमधला एक दिवस, साल स्पष्ट. इतक्या वर्षांत असे हजारो दाखले माझ्या हातांखालून गेले होते. प्रत्येकावर मी जन्मतारीख वाचली होती. हा रकाना मी एकदाही वाचला नव्हता.

बुधवारी ऑफिसची जीप घेऊन मी, सारिका आणि आबा निघालो. रस्ताभर आबा सारिकाला तिच्या सासूचं माहेर सांगत होते. कुठे चिंच होती, कुठे आड होता, सासूचा कुठला मामा तंबाखू मागून खायचा. "तुझी सासू लई रडकी हुती," म्हणाले. "शाळंपतुर आवाज यायचा." सारिका कित्येक दिवसांनी हसली असेल.

शाळेत मुख्याध्यापक बाईंनी जुनं जनरल रजिस्टर काढून ठेवलं होतं. एकाखाली एक पाच नावं, एकाच शाईत, एकाच घाईत लिहिलेली. प्रवेशाची तारीख आबांच्या दाखल्यावरचीच. बाईंनी उतारा दिला. आबांनी त्या पाचांतल्या तीन नावांवर बोट ठेवलं आणि तिन्ही वेळा "गेला" म्हणाले.

तिथून तहसील कचेरी. पूर्वी प्रत्येक गावात कोतवाल असायचा. सरकारी निरोप पोचवायचा, दवंडी द्यायचा आणि गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू तारखेनिशी कोतवाल बुकात नोंदवून घ्यायचा. ती बुकं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. मी आधीच फोन केला होता तेव्हा तिथल्या कारकुनांनी सांगितलं होतं, "साल आणि महिना घेऊन या. अंदाजानं दप्तर सोडलं तर ते कागद हातातच राहतील, इतके जुने आहेत." त्यांचंही बरोबर होतं. म्हणून तर ही सगळी धावपळ.

आता मी साल सांगितलं, महिना सांगितला. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे जन्म अकरा दिवस आधीचा. त्यांनी लाल कापडात बांधलेलं दप्तर आणलं, गाठ सोडली, हात पुसले आणि पानं उलटायला लागले. सारिका भिंतीला टेकून उभी होती. ती श्वास घेते आहे का, हे मी एकदा वळून पाहिलं.

"रामा गुंडा?" कारकून म्हणाले.

"हो."

"मुलगी. जिवंत."

एवढंच होतं. मुलीचं नाव नव्हतं, कारण तेव्हा ते ठेवलेलंच नव्हतं. आईचं नाव नव्हतं. तारीख, बापाचं नाव, मुलगी, जिवंत. वरच्या ओळीत दुसऱ्या घरातला मृत्यू, खालच्या ओळीत जुळे मुलगे. अक्षर ओबडधोबड होतं, पण एकही खाडाखोड नव्हती. हा कोतवाल कोण, मला माहीत नाही. तो त्या अंगणात गेला असेल, किती वाजता झाली, मूल रडलं का, हे त्याने विचारलं असेल. मी केसरबाईंना रांगेत उभं करून विचारलं नव्हतं. त्याने विचारलं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली, मग बोट धरून तिसऱ्यांदा. कारकून शेवटी म्हणाले, "मॅडम, नक्कल करायची ना?"

नक्कल तयार होईपर्यंत त्यांनी आबांना विचारलं, "आबा, आलाच आहात तर तुमचाही खरा जन्म शोधू का?"

"नगं बाबा," आबा म्हणाले. "बायकोपेक्षा ल्हान निघालो तर या वयात तिला काय तोंड दावू?"

केसरबाई साठ वर्षांच्या निघाल्या. मायलेकांत बावीस वर्षांचं अंतर आलं. कोतवाल बुकाची प्रमाणित नक्कल, शाळेचा उतारा, बारशाला हजर असल्याचं आबांचं प्रतिज्ञापत्र आणि आधारचं वय अंदाजाने लिहिलं गेल्याचं माझं प्रतिज्ञापत्र, असे चार कागद क्रमाने लावून मी फाइल केली. माझ्या हाताने केलेली सगळ्यांत पातळ फाइल.

समितीने केसरबाईंना एकटीला आत बोलावलं. नियमच तसा आहे, देणाऱ्याशी एकांतात बोलतात. पुढे समितीतल्या डॉक्टरीणबाईंनीच आम्हाला ते बोलणं सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "आजी, किडनी तुमच्या मर्जीनं देताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

केसरबाई म्हणाल्या, "अख्खा दिला तवा कुणी मर्जी इचारली न्हाई. आता एवढ्याशा तुकड्याला इचारता व्हय?"

डॉक्टरीणबाई हे सांगताना चष्मा पुसत होत्या.

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी आधी केसरबाईंना आत नेलं, मग दत्ताला. बाहेरच्या बाकावर सारिका, मी आणि आबा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "बारशाला व्हतो, आता इथं नको का?" दुपार कलली. सारिकाने सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. दत्ताला लघवी होऊन दीड वर्ष झालं होतं, हे तिने मला त्या बाकावर सांगितलं. घरी पाणीही मोजून द्यावं लागायचं. उन्हाळ्यात तो माठाकडे बघत बसायचा.

दार उघडलं आणि सर्जन बाहेर आले. मास्क खाली ओढून एवढंच म्हणाले, "टेबलावरच लघवी सुरू झाली."

सारिका बाकावरून उठली आणि खाली फरशीवरच बसली. आबांनी काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. चौदा वर्षांत मी शेकडो आनंदाच्या बातम्या लिहिल्या आहेत. निकाल, नेमणुका, बक्षिसं. इतकी मोठी बातमी माझ्यासमोर कुणी कधी सांगितली नव्हती.

संध्याकाळी दोन मिनिटं केसरबाईंना भेटायला सोडलं. ग्लानीत होत्या. मी जवळ गेले तशी डोळे किलकिले केले.

"झाली का त्याला?"

"झाली."

"किती येळा?"

मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "आजी, वेळा कसल्या मोजता? नळी लावली आहे, सारखीच होते आहे. पिशवी दोनदा रिकामी केली."

"रंग कसाय?"

"चांगला आहे."

केसरबाईंनी डोळे मिटले. झोपल्या असं वाटलं. मग ओठ हलले.

"दुपटी पुरायची न्हाईत मग," म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. टाके ओढले तसा हात पोटावर गेला, तरी हसू थांबेना. सिस्टर रागावल्या, "आजी, हसायचं नाही, टाके तुटतील." त्या हसतच राहिल्या, आणि पडद्यापलीकडून सारिका विचारत होती, आत काय झालं, आत काय झालं.